रक्तातील लोह आणि शाळकरी मुली

कावेरी व अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे नगर देवळे, पितळी समया, विड्याची पाने आणि दुधाळ कॉफी यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या चहूंकडे भाताची सुपीक खाचरे पसरलेली आहेत. अशा अन्नसंपन्न प्रदेशात रक्ताची उणीव असावी, हे प्रथम खरे वाटत नाही. परंतु पोट भरणे आणि रक्त सकस होणे या दोन भिन्न गोष्टी होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे ५९ मुलींत रक्तक्षय आढळला. तमिळनाडूतही निम्म्याहून अधिक मुलींची स्थिती तशीच होती.

रक्ताच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे रंजकद्रव्य असते. फुप्फुसांतील प्राणवायू सर्व शरीरास पोचविणे हे त्याचे कार्य, आणि लोह हा त्याचा आवश्यक घटक होय. १५ वर्षांवरील मुलीच्या १०० मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅमहून कमी झाले, म्हणजे रक्तक्षय झाला असे समजतात. मग जिना चढताना धाप लागते, चेहरा फिकटतो आणि अभ्यासात चित्त लागत नाही. घरची माणसे यालाच आळस समजतात.

किशोरवयात शरीर झपाट्याने वाढते. शिवाय मासिक पाळीत रक्त जाते. म्हणून लोहाची गरज वाढते. सडलेल्या तांदळात लोह थोडे, आणि वनस्पतींतील लोह आतड्यांत सहज शोषले जात नाही. जेवणाबरोबर घेतलेली कॉफी व चहा या शोषणास आणखी अडथळा करतात. ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून अंकुशकृमी शरीरात शिरतात आणि आतड्यांतून रक्त शोषतात.

यावर शासनाने योजलेला उपाय साधा आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ मोहिमेनुसार १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींस आठवड्यातून एक निळी गोळी देतात. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. वर्षातून दोनदा जंतांचे औषधही देतात. फोलिक आम्लाच्या शोधाचा आरंभ मुंबईशी निगडित आहे: ल्यूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टरांनी १९२८ नंतर तेथील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला होता.

गोळी जेवणानंतर घ्यावी म्हणजे मळमळ कमी होते. शौचाचा रंग काळा होतो, त्यात भिण्यासारखे काही नाही. या भीतीनेच पुष्कळ मुली गोळी टाकून देतात. कॉफी दोन तासांनी प्यावी. लिंबू किंवा आवळा खाल्ल्यास लोह अधिक शोषले जाते. शेवग्याचा पाला व डाळी आहारात असाव्यात. पितळी भांड्यातून लोह मिळत नाही. लोखंडी कढईत शिजविलेल्या अन्नात मात्र ते थोडे उतरते. गोळ्या लहान बालकांच्या हाती लागू देऊ नयेत. त्यांस त्या विषासमान ठरतात. थकवा तीव्र असल्यास वैद्याकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी.

आजची विद्यार्थिनी उद्याची माता होईल. रक्तक्षयी मातेस प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव सोसत नाही, आणि तिचे मूल कमी वजनाचे जन्मण्याचा संभव असतो. म्हणून तो संकटकाळ येण्यापूर्वीच, शाळेच्या बाकावर असताना, रक्तातील लोहाचा साठा भरून काढणे हेच शहाणपणाचे होय.