व्हिजिटिंग कार्डावरचा क्यूआर कोड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हिजिटिंग कार्डावरचा क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेला मजकूर. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदींसाठी तो तयार केला. कंपनीने पेटंटचा हक्क बजावला नाही. त्यामुळे कोड छापायला परवाना किंवा शुल्क लागते, ही समजूत चुकीची आहे.

कोड वाचायला इंटरनेट हवेच, असेही अनेकांना वाटते. नाव, फोन आणि ईमेल ‘व्हीकार्ड’ या प्रमाणित स्वरूपात थेट कोडात भरले असतील, तर सारी माहिती त्या चौकोनांतच असते. रेंज नसलेल्या घाटातही फोन ती वाचतो आणि संपर्क जतन करायचा का, असे विचारतो. कोडात वेबसाइटचा पत्ता असेल, तरच नेट लागते.

कोडाची मुदत संपते, हा समजही याच फरकातून आला आहे. थेट माहितीच्या कोडाला मुदत नसते. कार्ड टिकेल तोवर तो चालतो. ‘डायनॅमिक’ कोडात मात्र मधल्या एखाद्या सेवेचा छोटा पत्ता असतो आणि ती सेवा पुढच्या पानावर नेते. नंबर बदलला तरी कार्ड पुन्हा छापावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण सेवेची वर्गणी थांबली की वाटलेली सगळी कार्डे निकामी होऊ शकतात. फक्त संपर्क द्यायचा असेल, तर साधा कोडच भरवशाचा.

सर्वांत जास्त नुकसान होते ते ‘जितकी माहिती जास्त, तितके चांगले’ या समजुतीने. मोठ्यात मोठ्या कोडात २,९५३ बाइट मावतात, हे खरे. पण त्याच्या एका बाजूला १७७ चौकोन असतात आणि कार्डावर कोडाला जागा मिळते जेमतेम दोन सेंटिमीटर. तीस अक्षरांचा वेब पत्ता २९ × २९ चौकोनांत बसतो. भोवतीची कोरी जागा धरली, तर एक चौकोन अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा छापला जातो. सव्वातीनशे बाइटच्या व्हीकार्डाला ६९ × ६९ चौकोन लागतात आणि प्रत्येक चौकोन जवळपास पाव मिलिमीटरवर येतो. शाई जराशी पसरली किंवा कॅमेरा साधा असला, की वाचन अडते. देवनागरीत हे लवकर घडते, कारण यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक अक्षरचिन्ह आणि मात्रा तीन-तीन बाइट घेते : ‘पुणे’ला बारा बाइट, रोमन लिपीत चार. म्हणून नाव मराठीत जरूर असावे, पण लांबलचक पत्ता कार्डावरच छापावा. नंबर +९१ सह भरावा, म्हणजे परदेशातूनही लागतो.

‘कोडाचा ३० टक्के भाग झाकला तरी चालतो’ हेही अर्धसत्य आहे. दुरुस्तीच्या चार पातळ्या साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के बिघाड भरून काढतात. पण पातळी वाढवली की तोच मजकूर मावायला जास्त चौकोन लागतात. शिवाय हे टक्के माहितीच्या तुकड्यांचे असतात. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींपैकी एक जरी झाकली गेली, तरी फोनला कोड सापडणे कठीण होते. मधला लोगो लहानच हवा. भोवती चार चौकोनांइतकी कोरी जागा सोडणे हा नियमच आहे. डिझाइनच्या नादात सर्वांत आधी तीच कापली जाते.

रंगाला बंदी नाही. फिकट पार्श्वभूमीवर गडद कोड चालतो. उलट रंगसंगती काही ॲप वाचत नाहीत. चकचकीत लॅमिनेशन किंवा सोनेरी फॉइलवर उजेड परावर्तित होतो, तेव्हा मॅट बरे.

दुकानातल्या यूपीआय कोडाने संपर्कही जतन होतो, असे नाही. त्यात पैसे भरण्याचा पत्ता असतो. दोन्ही हवे असतील, तर दोन कोड छापून त्यांच्याखाली तसे लिहावे.

कोडातली माहिती गुप्त नसते. कार्ड ज्याच्या हाती, त्याला ती वाचता येते. कोड वाचल्याने फोन बिघडत नाही. धोका असतो तो अनोळखी लिंक उघडण्यात.

छापखान्यात फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली, तर चौकोनांच्या कडा पुसट होतात, म्हणून पीडीएफ द्यावी. नमुना प्रत खऱ्या आकारात छापून दोन-तीन वेगळ्या फोनवर तपासावी आणि मगच पुढची छपाई करावी.