एका कामापुरती किल्ली

मार्चअखेरची संध्याकाळ. संस्थेच्या कार्यालयात हिशेबनीस एकटाच बसलेला आहे. लेखापरीक्षकांनी मागवलेला अहवाल काढण्यासाठी तो हिशेबाचा प्रोग्रॅम उघडतो आणि संगणकाचा पडदा एकाएकी मंद होऊन मधोमध एक चौकट उभी राहते : प्रशासकाचे नाव व पासवर्ड द्या. पासवर्ड मानद चिटणीसांकडे, आणि चिटणीस परगावी नात्यातल्या लग्नाला गेलेले. फोन लागतो, मांडवातल्या गोंगाटात पासवर्डचे एकेक अक्षर मोठ्याने सांगितले जाते, काम होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चौकट. तिसऱ्या दिवशी फोन करण्याचा संकोच वाटून हिशेबनीस ती अक्षरे एका चिठ्ठीवर लिहून कळफलकाखाली सरकवून ठेवतो. महिन्याभरात ती चिठ्ठी शिपायाला, वाचनालय पाहणाऱ्या बाईंना आणि सुटीत टंकलेखनाला येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ठाऊक झालेली असते.

यात कोणाचीच नियत वाईट नाही. वसतिगृहे, पतसंस्था, मंदिरांची विश्वस्त मंडळे, दोन पिढ्यांची दुकाने, जिथे जिथे चोपडीची जागा संगणकाने घेतली, तिथे तिथे हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडतो. त्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे आणि दिसतो त्याहून अवघड आहे. ज्याच्या हाती सर्व अधिकार सोपवायचे नाहीत, त्याला सर्वाधिकारांवाचून न होणारे एखादेच काम कसे करू द्यावे?

संगणकावर मुख्यतः दोन प्रकारची खाती असतात. सामान्य खात्याचा धनी आपली पत्रे लिहितो, आपल्या फाइली जपतो, बसवलेले प्रोग्रॅम वापरतो. प्रशासकाचे खाते असणारा याखेरीज नवे प्रोग्रॅम बसवू शकतो, दुसऱ्याच्या फाइली उघडू शकतो, विषाणूरोधक यंत्रणा बंद करू शकतो, नवी खाती निर्माण करू शकतो. पेढीवरच्या भाषेत सांगायचे तर पहिल्याकडे त्याच्या गल्ल्याची किल्ली आहे आणि दुसऱ्याकडे तिजोरीसह सगळ्या कुलपांचा जुडगा. आणि संगणकाचा एक विशेष असा की प्रोग्रॅम ज्याच्या नावाने चालतो त्याचे सगळे अधिकार घेऊन चालतो. प्रशासकाने उघडलेला साधा ई-मेलही प्रशासकाच्याच बळावर उघडतो. त्यातून एखादा दुष्ट प्रोग्रॅम शिरला तर त्याच्याही हाती तोच जुडगा पडतो.

या प्रश्नाचे पहिले सुबक उत्तर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडले. तेथे युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांपैकी डेनिस रिची यांनी एक युक्ती शोधली, तिचे पेटंट १९७९ मध्ये मिळाले. तिचा आशय सोपा आहे. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड बदलता यायला हवा, पण सर्वांचे पासवर्ड ज्या फाइलीत असतात ती फाइल सामान्य माणसाला लिहिता येता कामा नये. मग काय करावे? माणसाला अधिकार देऊ नये, प्रोग्रॅमला द्यावा. पासवर्ड बदलणारा तो छोटा प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालतो, चालवणाऱ्याची एकच ओळ बदलतो आणि संपतो. मुनिमाला तिजोरीची किल्ली द्यायची नाही, तर तिजोरीला एक फट ठेवायची, जिच्यातून त्याची पावती तेवढी आत पडेल.

पुढे १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडू’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. यात एक यादी असते : अमुक व्यक्तीने अमुक आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी. ती व्यक्ती प्रशासकाचा नव्हे, स्वतःचा पासवर्ड देते आणि तिने काय चालवले याची नोंद राहते. गुपित वाटावे लागत नाही आणि नोंदवहीही आपोआप भरते. आज लिनक्स व मॅक या प्रणालींवर हाच प्रोग्रॅम रोजच्या वापरात आहे, आणि विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनेही याच नावाची सोय आणली.

घरोघरी आणि कार्यालयांत मात्र विंडोज होते, आणि तेथील कथा निराळी घडली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये घरच्या संगणकावर पहिल्यांदा उघडलेले खाते प्रशासकाचेच असे. बहुतेकांना दुसऱ्या प्रकारचे खाते असते हे कधी कळलेही नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीही तीच सवय धरली. वापरणारा प्रशासकच असणार असे गृहीत धरून ते आपल्या नोंदी व हिशेबाच्या फाइली थेट प्रणालीच्या राखीव जागेत लिहू लागले, म्हणजे भाडेकरूने आपली पेटी घरमालकाच्या देवघरात ठेवावी तसे. पुढे विंडोज व्हिस्टा आली, २००७ च्या आरंभी ती सर्वांसाठी बाजारात उतरली, आणि तिने प्रथमच दाराशी पहारेकरी उभा केला. पडदा मंद करून परवानगी विचारणारी ती चौकट तेव्हाची. लोक तिला इतके विटले की कित्येकांनी ती बंदच करून टाकली, आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिचे विचारणे कमी करावे लागले. दर दोन मिनिटांनी ‘कोण आहे?’ विचारणाऱ्या पहारेकऱ्याला माणसे न पाहताच ‘मीच’ म्हणू लागतात.

तरी त्या चौकटीमागची कल्पना जैन वाचकाला परकी वाटू नये. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे, ज्यात आयुष्यभरासाठी दिशांची मर्यादा ठरते. त्याच्या पोटात देशव्रत आहे, ज्यात त्या मर्यादेच्या आतही ठरावीक काळापुरते क्षेत्र आणखी आखडून घेतले जाते. व्हिस्टापासून पुढे प्रशासक संगणकावर आला की प्रणाली त्याला दोन ओळखपत्रे देते, एक पूर्ण अधिकारांचे व दुसरे छाटलेले. रोजचे सारे काम छाटलेल्या ओळखपत्रावर चालते. पूर्ण ओळखपत्र त्याच्याजवळच असते, पण कामाशिवाय ते बाहेर निघत नाही. अधिकार आहे म्हणून तो सदोदित अंगावर वागवलाच पाहिजे असे नाही. जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच तत्त्व मांडले होते : प्रत्येक प्रोग्रॅमने व प्रत्येक व्यक्तीने कामास पुरेल इतक्या किमान अधिकारांवर चालावे.

आता पुन्हा त्या हिशेबनिसाकडे. त्याची अडचण दूर करण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांतले सर्वांत सोपे तेच सर्वांत घातक आहेत. त्याचे खातेच प्रशासकाचे करून टाकणे हा पहिला. दुसरा मार्ग थोडा चतुर दिसतो. विंडोजमध्ये ‘रनॲज’ नावाची आज्ञा आहे. तिला जोड देऊन प्रशासकाचा पासवर्ड एकदाच टाकता येतो व पुढे जपून ठेवता येतो. चिन्हावर टिचकी मारली की प्रोग्रॅम सुरू, पासवर्ड कोणाला सांगायला नको. पण तो जपलेला पासवर्ड त्या एकाच प्रोग्रॅमशी बांधलेला नसतो. त्याच आज्ञेत दुसऱ्या प्रोग्रॅमचे नाव लिहिले की तोही प्रशासकाच्या नावाने उघडतो. जाणकार विद्यार्थ्याला हे कळायला एक दुपार पुरते.

याहून सूक्ष्म चूक अशी की प्रोग्रॅम एकच असला तरी त्याच्या पोटात इतर दारे असतात. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ‘फाइल उघडा’ म्हटले की जी खिडकी येते, तिच्यातूनही दुसरे प्रोग्रॅम चालवता येतात आणि तेही प्रशासकाचे बळ घेऊन निघतात. सुडूच्या यादीत एखाद्याला केवळ मजकूर-संपादक वापरण्याची मुभा दिली, तरी त्या संपादकातून संपूर्ण प्रणालीची आज्ञापट्टी उघडता येते. शिवाय दुसऱ्याच्या नावाने प्रोग्रॅम चालला म्हणजे त्याला ‘माझे दस्तऐवज’ हे फोल्डरही त्या दुसऱ्याचेच दिसते. वर्षाच्या हिशेबाची प्रत जपून ठेवली, पण ती सापडत नाही, अशी तक्रार पुष्कळदा यातूनच उद्भवते. प्रत हरवलेली नसते, चिटणीसांच्या खात्यात जाऊन बसलेली असते.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. प्रोग्रॅमला प्रशासकाचे अधिकार नेमके कशासाठी हवेत, हे आधी शोधावे लागते. मायक्रोसॉफ्टचेच ‘प्रोसेस मॉनिटर’ नावाचे विनामूल्य साधन प्रोग्रॅमने कोणत्या फाइलीला हात लावला व कुठे त्याला नकार मिळाला, हे ओळीने दाखवते. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक निघते. प्रोग्रॅम आपल्या राखीव जागेतल्या एखाद्या फोल्डरमध्ये किंवा नोंदवहीच्या एखाद्या कप्प्यात लिहू पाहत असतो. त्या हिशेबाच्या फोल्डरपुरतीच लिहिण्याची मुभा सामान्य खात्याला दिली, किंवा त्याहून बरे म्हणजे हिशेबाच्या फाइली राखीव जागेतून बाहेर काढून ठेवल्या, की ती चौकट दिसेनाशी होते. मुभा माहितीच्या फाइलींपुरती असावी, ज्या फोल्डरात मूळ प्रोग्रॅम आहे तिथे नसावी. ज्याला प्रोग्रॅमची फाइलच बदलता येते, तो तिच्या जागी दुसरी ठेवू शकतो, आणि पुढच्या वेळी चिटणीसच ती आपल्या अधिकाराने चालवतात.

रात्रीची प्रत काढणे, बंद पडलेली छपाईसेवा पुन्हा सुरू करणे अशी पडद्यावर खिडकी न उघडणारी कामे विंडोजच्या ‘टास्क शेड्युलर’वर सोपवता येतात. काम प्रशासक ठरवतो, त्याचे अधिकारही तोच ठरवतो, सामान्य खात्याला फक्त ‘सुरू कर’ म्हणण्याची परवानगी स्वतंत्रपणे दिली जाते. डेनिस रिचींची ती तिजोरीची फटच ही.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे ज्या विश्वस्तांना वाटते त्यांना २७ जून २०१७ चा दिवस आठवावा. युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या अद्ययावत प्रतीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम जगभर पसरला. तो एका संगणकात शिरला की तिथल्या स्मृतीत रेंगाळणारे पासवर्ड गोळा करी. त्यांत एखाद्या बड्या प्रशासकाचा पासवर्ड मिळाला, की पुढच्या संगणकांची कुलपे फोडण्याचे कारणच उरत नसे, तो रीतसर किल्लीने आत जाई. ज्या संगणकांत जुन्या त्रुटी दुरुस्त केलेल्या नव्हत्या तेथे तो त्रुटींतून गेला, पण दुरुस्त केलेले संगणकही किल्लीमुळे पडले. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. त्याच कंपनीकडून चालवले जाणारे न्हावा शेवा बंदरातील टर्मिनलही त्या दिवसांत खोळंबले.

पण म्हणून सगळी दारे बंद करून भागते काय? या प्रश्नाचे उत्तर जैन समाजाच्या स्मृतीतच आहे. मूडबिद्रीला धवला, जयधवला आदी सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. दर्शन घडे, पण वाचन आणि नक्कल दुर्लभ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी व मुंबईचे माणिकचंद यांच्या खटपटीने नकलेला परवानगी मिळाली, तीही प्रत तिथेच राहावी या मर्यादेत. नक्कल करणाऱ्यांपैकी गजपती शास्त्री यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे दुसरी कानडी प्रत तयार केली. ती सहारनपूरला पोहोचली. तेथे तिची नागरी प्रत करताना सीताराम शास्त्री यांनी पुन्हा तोच मार्ग धरला आणि आणखी एक प्रत स्वतःजवळ ठेवली. त्या वाटेने ग्रंथ बाहेर आले आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला अमरावतीहून छापून निघू लागली.

अधिकाराच्या दृष्टीने पाहिले तर हा दोनदा झालेला मर्यादाभंग. श्रुताच्या दृष्टीने पाहिले तर उपकार. विश्वासाने दिलेली मुभा हातात आली की माणूस ती कुठवर ताणेल हे मुभा देणाऱ्याला सांगता येत नाही, आणि योग्य गरजेला योग्य दार ठेवले नाही तर ती खिडकी शोधते. कळफलकाखालची चिठ्ठी हीही एक खिडकीच. ती हिशेबनिसाने लिहिली खरी, पण तिच्यावर कार्यकारिणीचीही सही आहे, कारण त्याला काम करायचे होते आणि दुसरी वाट कोणी ठेवली नव्हती. संगणक सांभाळणारे पुष्कळ लोक हे विसरतात. ‘नियम म्हणजे नियम’ म्हणून ते नकार देतात आणि मग पासवर्ड साऱ्या कार्यालयात फिरतो.

दुसऱ्या बाजूने, दारे राखणारी साधनेही निर्दोष नसतात. जानेवारी २०२१ मध्ये सुडूतच एक दोष उघडकीस आला. त्यामुळे यादीत नाव नसलेला सामान्य वापरकर्ताही प्रशासक होऊ शकत होता, आणि तो दोष २०११ पासून तिथे होता. सारी दुनिया जो प्रोग्रॅम विश्वासाने वापरत होती, त्यात दहा वर्षे कोणाला तो दिसला नाही. त्यामुळे पहारेकरी नेमला तरी प्रणालीच्या दुरुस्त्या वेळेवर बसवण्याचे काम उरतेच.

संस्थेच्या कार्यालयात हे सर्व करायला एक रविवार लागतो. प्रोग्रॅम पुरवणाऱ्याला फोन करून नवी आवृत्ती सामान्य खात्यावर चालते का, हे विचारावे. बहुधा चालते, आणि जुनी आवृत्ती केवळ कोणी बदलली नाही म्हणून राहिलेली असते. चालत नसेल तर हिशेबाच्या फोल्डरची मुभा द्यावी. चिटणीसांनीही रोजच्या पत्रव्यवहारासाठी स्वतःचे सामान्य खाते घ्यावे. सुरुवातीला त्यांना हे थोडे कमीपणाचे वाटते. प्रशासकाचा पासवर्ड बदलून, कागदावर लिहून, पाकिटाला लाख लावून तिजोरीत ठेवावा. पाकिटावर दोन विश्वस्तांच्या सह्या असाव्यात आणि ते कधी, कोणी, कशासाठी फोडले याची एक ओळ सभेच्या इतिवृत्तात यावी. भंडाराची पेटी उघडताना हीच रीत पाळली जाते, तेव्हा ती कोणाला नव्याने शिकवावी लागत नाही. कळफलकाखालची चिठ्ठी फाडायची ती पासवर्ड बदलल्यानंतर, आधी नव्हे.