रणगाड्याच्या प्रतिकृतीचा रंग

रणगाड्याची प्रतिकृती रंगवताना ‘लष्करी हिरवा’ एवढे नाव पुरत नाही. रणगाडा कोणत्या सैन्याचा, कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या मुलखात लढलेला, हे आधी ठरवावे लागते. रंगाची बाटली नंतर. युरोपात लढणारे जर्मन रणगाडे १९४३च्या सुरुवातीपर्यंत सहसा गडद करड्या रंगाचे असत, पुढे मूळ रंग गडद पिवळा झाला. वर्ष चुकले की उत्तम हाताने केलेले कामही खोटे पडते.

होटगीच्या हौशी कारागिराला खरे रणगाडे पाहायचे असतील, तर सोलापूर-दौंडमार्गे अहिल्यानगर गाठावे. तेथील कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये उभे राहिले. १६ डिसेंबर १९७१ रोजी भारत-पाक युद्धातील बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमधून लढले आणि धारातीर्थी पडले, तो रणगाडाही याच शहरात, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. धारातीर्थी पडले तेव्हा खेत्रपाल २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. अशा रणगाड्याची प्रतिकृती करणाऱ्याने रंगाबाबत हयगय करू नये.

मात्र जपलेला रणगाडा आकाराचा जितका भरवशाचा साक्षीदार असतो, तितका रंगाचा नसतो. ऊन-पावसापासून पत्रा वाचवण्यासाठी त्याला पुन्हा रंग दिला जातो, आणि तो युद्धकाळातल्याच छटेचा असेल असे नाही. छायाचित्रांचाही आधार अपुराच. कृष्णधवल चित्रातून उजळपणा कळतो, रंग कळत नाही. जुन्या रंगीत छापांतला निळसर अंश उडून हिरवा तपकिरी दिसू लागतो. म्हणून मानक रंगपट्टी सर्वांत उपयोगी. भारतीय मानक ‘आयएस ५’मध्ये ऑलिव्ह ग्रीनचा क्रमांक २२० आहे, जर्मनीची ‘राल’, ब्रिटनची ‘बीएस ३८१सी’ अशा पट्ट्याही आहेत. तरीही पट्टीवरची छटा म्हणजे ताज्या रंगाची छटा. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग फिकटतो आणि त्याची चकाकी जाते.

पट्टीशी तंतोतंत जुळणारा रंगही छोट्या प्रतिकृतीवर गडद वाटतो. १/३५ प्रमाणातली प्रतिकृती एका फुटावरून पाहणे म्हणजे खरा रणगाडा ३५ फुटांवरून पाहणे, आणि अंतर वाढले की मधल्या हवेमुळे रंग फिका दिसतो. त्यामुळे प्रमाण लहान होईल तसा रंग थोडा अधिक उजळ घ्यावा. ऑलिव्ह रंगात नुसता पांढरा मिसळला तर तो खडूसारखा निर्जीव होतो. पिवळसर किंवा मातकट रंग मिसळला तर उबदार राहतो. याला कारण आहे: पिवळ्यात काळा मिसळला तरी ऑलिव्ह छटा तयार होते, म्हणजे पिवळा या रंगाच्या घडणीतच असतो.

मिश्रणाची परीक्षा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, प्रतिकृतीला दिलेल्याच प्रायमरवर करावी. रंग पूर्ण वाळू द्यावा, मग दिवसाच्या उजेडात पाहावा. पिवळ्या बल्बखाली जुळलेल्या दोन छटा उन्हात वेगळ्या निघतात. शेवटचे मॅट वॉर्निशही या तुकड्यावर आधी लावून बघावे, कारण त्यानेही छटा बदलते.

धुळीचा रंगही तितकाच विचारपूर्वक निवडावा लागतो. होटगीच्या शिवारातली काळी माती वाळल्यावर करडी दिसते. बसंतर नदीचा परिसर पंजाबच्या गाळाच्या मैदानातला, तिथली धूळ फिकट तपकिरी. घराजवळची माती चाळून सेंच्युरियनच्या पट्ट्यांवर लावली, तर अचूक हिरव्या रंगाचा रणगाडाही भलत्याच मुलखातला वाटेल. धूळ पट्ट्यांवर आणि खालच्या भागावर दाट, वर विरळ द्यावी, म्हणजे मूळ रंग झाकला जात नाही.