भिंतीआडचे नळ आणि त्यांची पुनर्जोडणी

छतावरील टाकीपासून घरातील तोट्यांपर्यंत जाणारा नळमार्ग बहुधा भिंतीत किंवा फरशीखाली गाडलेला असतो. त्यामुळे त्याच्या प्रकृतीची कल्पना केवळ बाह्य लक्षणांवरूनच करावी लागते. सकाळी पाण्याची पहिली धार तांबूस येते; न्हाणीघरातील तोटी उघडताच स्वयंपाकघरातील धार बारीक होते; भिंतीवर ओलीचा डाग उमटतो आणि रंग देऊनही तो पुन्हा दिसू लागतो. ही लक्षणे वेगवेगळी वाटली तरी त्यांचे मूळ पुष्कळदा एकच असते.

भारतातील जुन्या घरांत प्रामुख्याने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ वापरलेले आढळतात. जस्त हे लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि लोखंडाचे रक्षण करते. हा मुलामा संपला की लोखंड गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या गाठी आतून वाढत जातात. पाणी दुष्फेन असेल तर त्यावर क्षारांचीही पुटे चढतात. अर्धा इंची नळाचा आतील व्यास निम्मा झाला, तर पाण्याच्या वाटेचे क्षेत्रफळ केवळ एक चतुर्थांश उरते. घर्षणामुळे प्रत्यक्ष प्रवाह त्याहूनही कमी होतो.

आपल्याकडे याची झळ वरच्या मजल्यावरील कुटुंबाला प्रथम लागते. पाण्याच्या १० मीटर उंचीमुळे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब निर्माण होतो. टाकी तोटीपासून ३ मीटर उंच असेल, तर तेथे मिळणारा दाब जेमतेम ०.३ किलोग्रॅम असतो. इतक्या अल्प दाबाला नळातील अडथळा सोसत नाही. अशा वेळी पंप बसविण्याचा मोह होतो. परंतु वाढलेला दाब झिजलेल्या नळाला पेलत नाही आणि गळती मात्र वाढते.

गळतीने केवळ पाणी वाया जाते असे नाही. ज्या शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते, तेथे पुरवठा बंद झाल्यावर जमिनीखालील नळात पोकळी निर्माण होते. नळाला छिद्र असेल आणि शेजारून सांडपाण्याची गटारे जात असतील, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. कावीळ, विषमज्वर आणि अतिसार यांचा प्रसार अशा मार्गानेही होतो. म्हणूनच नळ बदलणे हा निव्वळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

गळते तेवढेच ठिकाण दुरुस्त करावे, असे साहजिकच वाटते. तथापि घरातील सर्व नळ बहुधा एकाच वेळी बसविलेले असतात आणि एकत्रच जीर्ण होतात. जुना सांधा पान्याने फिरविताना त्याचा धक्का पुढच्या सांध्याला बसतो; झिजलेल्या नळावर नवे आटे पाडू गेल्यास तो तेथेच तुटतो. परिणामी दुरुस्त्यांची मालिका सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या गळतीनंतर संपूर्ण नळमार्ग बदलणेच अंती कमी खर्चाचे ठरते.

नवे नळ निवडताना पाण्याचे तापमान विचारात घ्यावे. साध्या पीव्हीसीचे नळ थंड पाण्यासाठीच योग्य होत. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी किंवा उष्णतेने सांधले जाणारे पीपीआर नळ वापरतात. पीव्हीसीमध्ये स्थिरक म्हणून शिशाची संयुगे मिसळण्याची पद्धत होती. तिला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. म्हणून मानक संस्थेचे चिन्ह असलेला मालच घ्यावा. तांब्याचे नळ टिकाऊ असतात; मात्र ते लोखंडी नळाला थेट जोडल्यास लोखंड वेगाने गंजते.

जुने नळ उखडण्याची घाई करू नये. शक्य तेथे नवा मार्ग मोकळ्या कोनाड्यातून किंवा बाहेरील भिंतीवरून न्यावा. प्लास्टिकचे नळ असल्यास त्यांवर ऊन पडू देऊ नये. जुना मार्ग चालू ठेवून नवा पूर्ण करावा आणि अखेरीस जोडणी बदलावी. असे केल्याने घर दिवसभरापेक्षा अधिक काळ पाण्यावाचून राहत नाही. प्रत्येक न्हाणीघरासाठी स्वतंत्र चावी बसवावी. सांधे पुरेसे वाळल्यावर, परंतु गिलावा करण्यापूर्वी, दाब देऊन नळांची परीक्षा घ्यावी. एकदा भिंत बुजविली की चुकीची किंमत कित्येक पटींनी वाढते.

एक धोका मात्र सहज नजरेआड होतो. अनेक जुन्या घरांत विजेची भूतार पाण्याच्या लोखंडी नळालाच बांधलेली असते. त्या जागी प्लास्टिकचा नळ आला की जमिनीशी असलेला हा संबंध तुटतो. दिवे आणि पंखे पूर्ववत चालू राहिल्याने कोणाच्या काही लक्षात येत नाही; पण पाणी तापविण्याच्या उपकरणात दोष उद्भवताच विजेचा प्राणघातक धक्का बसू शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी विजेच्या जाणकाराकडून स्वतंत्र भूतार करून घेणे अनिवार्य होय.

काम संपल्यावर टाकी व नळ धुऊन क्लोरीनयुक्त पाण्याने निर्जंतुक करावेत. नवे नळ कोणत्या भिंतीतून, किती उंचीवरून गेले आहेत, याचा साधा नकाशा काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढे कधी त्या भिंतीला खिळा ठोकणाऱ्याला तो उपयोगी पडेल.