अहिल्यानगर जिल्ह्यातील वेल्डिंग व्यवसाय आणि अँगल ग्राइंडरची निवड

प्रास्ताविक :
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अर्थजीवनात सहकारी साखर कारखानदारीस मोठे स्थान आहे. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. हंगामापूर्वी ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती गावोगावच्या वेल्डिंग दुकानांत होते. तेथे सतत राबणारे अवजार म्हणजे अँगल ग्राइंडर होय. हे यंत्र घेताना किंमत आणि वॅट यांचाच विचार बहुधा केला जातो. वस्तुतः पहिला निकष चकतीचा व्यास व तिला सोसणारा वेग हा असावयास हवा.

विवेचन :
रेझिनने बांधलेल्या सर्वसाधारण चकतीच्या कडेचा वेग सेकंदास ८० मीटरपेक्षा अधिक असू नये. म्हणून व्यास वाढेल तसे अनुज्ञेय फेरे घटतात. १२५ मिमी चकतीस मिनिटाला सुमारे १२,२०० फेरे चालतात, १८० मिमी चकतीस ८,५००, तर २३० मिमी चकतीस ६,६००. हे आकडे चकतीवरच छापलेले असतात. वाचले मात्र क्वचितच जातात.

१२५ मिमीचे यंत्र साधारणतः ११,००० फेरे घेते. त्याचा आस आणि १८० मिमी यंत्राचा आस बहुधा एकाच मापाचे, आणि दोन्ही चकत्यांचे भोकही २२.२३ मिमीचेच असते. परिणामी, गार्ड काढला की मोठी चकती लहान यंत्रावर सहज बसते. जाड चॅनेल एका दमात कापण्याच्या हव्यासापोटी हा उद्योग केला जातो. अशा वेळी कडेचा वेग सेकंदास सुमारे १०४ मीटरवर पोहोचतो. चकती फुटल्यास तिचे तुकडे अडविणारा गार्ड तर आधीच काढलेला असतो! १०० मिमी यंत्राच्या चकतीचे भोक १६ मिमी असल्याने तेथे ही अदलाबदल इतकी सोपी नाही.

पत्रा, हलके अँगल व वेल्डिंगचे सांधे यांसाठी १०० किंवा १२५ मिमीचे यंत्र पुरेसे ठरते. जाड चॅनेल नित्य कापावयाचे असल्यास १८० मिमीचे स्वतंत्र यंत्रच घ्यावे. ते जड असते व झटकाही जोराचा देते. त्यामुळे बाजूची मूठ लावूनच ते दोन्ही हातांनी धरावे लागते. हात सुटताच बंद पडणारा स्विच अशा यंत्रास असणे श्रेयस्कर. कापण्याच्या पातळ चकतीच्या बाजूने घासकाम करू नये, ती आडवा दाब सोसत नाही. चकती खरेदी करताना भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यावरील मुदतही पाहावी. रेझिन कालांतराने, विशेषतः ओलाव्याने, कमकुवत होते.