कापडी पॅड आणि कापडी डायपर: वापरायला सुरुवात करण्याआधी हे समजून घ्या

ओला कचरा एका डब्यात, सुका दुसऱ्या डब्यात, हे आता बहुतेकांना पाठ झालंय. पण वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा बाळाचा भरलेला डायपर कुठे टाकायचा, हा प्रश्न आला की अजूनही गोंधळ होतो. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळतं, कुणी काळ्या पिशवीत कोंबतं, तर कुणी तसंच टाकून मोकळं होतं.

तो कचरा पुढे कुणाला तरी हातानेच वेगळा करावा लागतो. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने म्हणूनच 'रेड डॉट' मोहीम हाती घेतली. पॅड किंवा डायपर कागदात नीट गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे आत काय आहे हे पुडी न उघडताच कळतं.

पण हा कचरा मुळातच कमी करता आला तर? या विचाराने अनेक घरं पुन्हा कापडाकडे वळतायत. त्यांच्यापुढचे प्रश्नही ठरलेले आहेत. इन्फेक्शन होतं का? पैसे वाचतात का? आणि मुख्य म्हणजे, धुणार कोण?

कचरा नेमका किती होतो?

बाजारातल्या बहुतेक पॅड आणि डायपरमध्ये वरचा थर प्लास्टिकच्या धाग्यांचा, मधे लाकडाचा लगदा आणि ओल शोषून जेली बनवणारी रासायनिक पावडर, तर खाली पाणी न झिरपू देणारा प्लास्टिकचा थर असतो. यातलं प्लास्टिक कुजत नाही आणि घाण लागलेली असल्याने त्याचा पुनर्वापरही अवघड असतो.

साधा हिशेब करू. एका पाळीला १२ पॅड धरले तर वर्षाला साधारण १५० होतात. म्हणजे पाळीच्या ३५ वर्षांत एका बाईचे ५ हजारांच्या वर. बाळाला दिवसाला सरासरी ६ डायपर लागले, तर दोन वर्षांतच ४ हजारांहून जास्त.

कापड म्हणजे अस्वच्छ का?

कापड वापरणं आपल्याकडे नवीन नाही आणि संपलेलंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयोगटातल्या जवळपास निम्म्या मुलींनी आपण पाळीत कापड वापरतो असं सांगितलं. (यातल्या काही जणी पॅडही वापरतात.) मात्र हेच सर्वेक्षण साध्या कापडाला 'स्वच्छ साधनां'मध्ये मोजत नाही.

त्यामागे कारण आहे. ओडिशात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विकतचं पॅड वापरणाऱ्यांपेक्षा कापड वापरणाऱ्या बायकांमध्ये जननमार्गाच्या संसर्गाची लक्षणं जास्त दिसली. पण ओडिशातल्याच २०१८ च्या अभ्यासाने आणखी खोलात जाऊन पाहिलं. कापड वापरणाऱ्यांपैकी ज्या बायका ते घराच्या आत वाळवत होत्या किंवा संडास-बाथरूममध्ये लपवून ठेवत होत्या, त्यांच्यात बुरशीचा संसर्ग जास्त आढळला.

म्हणजे कापड कसं वाळतं आणि कुठे ठेवलं जातं, यावर बरंच काही अवलंबून आहे. पाळीचं कापड कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून ते साडीखाली, पलंगामागे किंवा कोनाड्यात वाळत घातलं जातं. ते पूर्ण सुकत नाही आणि तेच दमट कापड पुढच्या महिन्यात पुन्हा वापरलं जातं. म्हणून कापडी पॅड वापरायचं ठरवलं असेल तर पहिली अट एकच: ते इतर कपड्यांसारखं उघड्यावर, उन्हात वाळलं पाहिजे.

पॅड धुण्याची योग्य पद्धत काय?

• पॅड ४ ते ६ तासांनी बदला. रक्तस्राव जास्त असेल तर त्याआधी.

• आधी थंड पाण्याने रक्त काढून टाका. गरम पाण्याने डाग पक्का बसतो.

• अर्धा तास भिजवून साबणाने धुवा. रात्रभर किंवा दिवसचे दिवस भिजत ठेवू नका.

• साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. कापडात राहिलेल्या साबणाने खाज येऊ शकते.

• उन्हात कडक वाळवा आणि कोरड्या सुती पिशवीत ठेवा.

• पॅड एकमेकींत वाटून वापरू नका. विटलेलं, वास न जाणारं पॅड सरळ काढून टाका.

खाज, दुर्गंधी किंवा वेगळाच स्राव जाणवला तर घरगुती उपाय करत न बसता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. विकत घेताना हेही बघा: भारतीय मानक ब्युरोने पुन्हा वापरता येणाऱ्या पॅडसाठी २०२१ मध्ये 'आयएस १७५१४' हे मानक आणलं आहे.

बाळाच्या डायपरचं काय?

आपल्याकडे लंगोट आणि बाळुती होतीच. आताचा कापडी डायपर म्हणजे त्याचीच सुधारित आवृत्ती. आत शोषून घेणारा कापडाचा पॅड, बाहेर पाणी न झिरपणारं कव्हर आणि मापाप्रमाणे लहान-मोठं करायला बटणं. हे कव्हर मात्र बहुतेकदा प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाचं असतं. त्यामुळे 'शंभर टक्के नैसर्गिक' हा दावा नीट तपासून घ्या.

कापडी डायपर दर दोन-तीन तासांनी बदलावा लागतो. शी केली असेल तर लगेच. ती आधी संडासात टाका, डायपर पाण्याने विसळा आणि एक-दोन दिवसांत धुवून टाका. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्याने कापडाची शोषण्याची ताकद कमी होते. पूर्णवेळ कापडीच वापरायचे असतील तर साधारण २० डायपर लागतात. पण सुरुवात ५-६ नगांवर, फक्त दिवसा आणि घरात असताना करता येते. रात्री किंवा प्रवासात नेहमीचा डायपर वापरला तरी काही बिघडत नाही. दिवसाचे तीन वाचले तरी वर्षाला हजारावर डायपर कचऱ्यात जायचे थांबतात.

पैसे खरंच वाचतात का?

समजा एका पॅडची किंमत ८ रुपये आहे. महिन्याला १२ पॅड म्हणजे ९६ रुपये. कापडी पॅडचा संच १५०० रुपयांना पडला, तर साधारण १६ महिन्यांत पैसे वसूल होतात. त्यानंतर खर्च उरतो तो साबण-पाण्याचा. पण हे १५०० रुपये एकदम काढणं प्रत्येकीला शक्य नसतं. २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला, तरी दर महिन्याचा खर्च चालूच राहतो. जुन्या पण स्वच्छ, मऊ सुती कापडाचं घरी शिवलेलं पॅडही चालतं. धुण्या-वाळवण्याचे नियम मात्र तेच.

पर्यावरणाचा फायदा किती?

हे धुण्याच्या पद्धतीवर ठरतं. ब्रिटनमधल्या २००८ च्या सरकारी अभ्यासात बाळाच्या अडीच वर्षांत फेकायच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो, तर कापडीमुळे सुमारे ५७० किलो कार्बन उत्सर्जन होतं असं दिसलं. म्हणजे जवळपास बरोबरी! कारण होतं वॉशिंग मशीन आणि ड्रायरची वीज. पण मशीन पूर्ण भरून लावली, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी घटतं, असंही त्यात नमूद होतं.

दोरीवर कपडे वाळवणं आपल्याकडे रोजचंच. अडचण येते ती पावसाळ्यात. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर साधे कपडे सुकत नाहीत, तिथे जाड पॅड कसं सुकणार? अशा वेळी जास्तीचे नग हाताशी ठेवा, पंख्याखाली मोकळं पसरून वाळवा आणि सुती पॅडवर इस्त्री फिरवा. लेप दिलेल्या कव्हरवर इस्त्री चालत नाही. तरीही ओल राहत असेल तर ते दोन-तीन महिने विकतचं वापरा. दमट कापडापेक्षा ते बरं.

मग धुणार कोण?

डायपर-पॅड विकत आणण्यामागे बायकांचे कष्ट वाचणं हे मोठं कारण होतं, हे विसरून चालणार नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात, नुकतंच बाळंतपण झालेल्या आईवर रोजचे आठ-दहा डायपर धुण्याचं काम टाकून कचरा कमी केला, तर त्याची किंमत ती एकटीच मोजणार. म्हणून निर्णय घेण्याआधी घरात तीन गोष्टी ठरवा: पाणी पुरेल का, ऊन कुठे मिळेल आणि धुण्याची पाळी कुणाकुणाची.

बाळाचे डायपर बाबाने धुतले आणि घरातल्या मुलीचं पॅड गच्चीतल्या दोरीवर सगळ्यांच्या कपड्यांसोबत वाळलं, तर कापडाकडे वळणं जमू शकतं. हे जमत नसेल, तर निदान विकतचं पॅड नीट गुंडाळून, वर लाल ठिपका काढून टाका. तेवढंही कचरा उचलणाऱ्या हातांसाठी मोठं काम आहे.