सावलीतला ऐवज

ठाण्याची खाडी साधारणतः उत्तर-दक्षिण पसरलेली आहे, ही गोष्ट शालेय भूगोलात जितकी निरुपद्रवी वाटते तितकी ती वन्यजीवांची छायाचित्रे काढणाऱ्याच्या लेखी नाही. कारण पूर्वेचा ऐरोलीचा काठ आणि पश्चिमेचा मुलुंड-भांडुपचा काठ यांवरून एकाच पक्ष्याची एकाच प्रहरी दोन अगदी निराळी रूपे दिसतात. सकाळी ऐरोलीहून पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो आणि रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा, पिसापिसाचा हिशेब देत, समोर उजळून उभा राहतो. सायंकाळी तोच सूर्य थव्यामागे उतरतो, पक्ष्यांची आपल्याकडची बाजू काळवंडते आणि मानेच्या बाकाला, पाठीला, चोचीला उजेडाची बारीक सोनेरी कड फुटते. छायाचित्रकार तिला रिम लाइट म्हणतात. सूर्य पाठीशी ठेवावा असा जो दंडक नवशिक्याला घालून दिलेला असतो, तो मोडण्याचे धाडस या काठावर फलद्रूप होते, असे माझे मत आहे. मात्र त्याची किंमत सावलीत मोजावी लागते.

मागून, तिरप्या कोनात येणारा प्रकाश शरीराच्या कडेला निसटता स्पर्श करतो. तेथील केस आणि पिसांचे तंतू विरळ व अर्धपारदर्शक असल्याने तो त्यांत विखुरतो, आणि मधले घट्ट शरीर छायेत राहते. म्हणूनच येऊरच्या केसाळ वानराभोवती रुंद वलय दिसते, तर तुळतुळीत म्हशीभोवती नुसती रेघ. रोहिताने पंख उघडले की गुलाबी पिसे कंदिलाच्या कागदासारखी आतून पेटतात, उड्डाणाची काळी पिसे मात्र काळीच राहतात.

कड उठून दिसायची तर तिच्यामागे काळोख हवा, आणि २०१५ साली अभयारण्य घोषित झालेल्या, २०२२ साली रामसर यादीत गेलेल्या या खाडीत तो मुबलक मिळतो. संध्याकाळी पलीकडच्या कांदळवनाची आपल्याकडची बाजू सावलीत जाते, त्यामागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या काळवंडतात, आणि एरवी चित्राचा विध्वंस करणाऱ्या मुलुंडच्या उत्तुंग इमारतीही घटकाभर त्या अंधारात निमूट सामील होतात. पंचांगातल्या सूर्यास्ताच्या भरवशावर राहू नये; टेकड्या आडव्या येत असल्याने थेट ऊन काही मिनिटे आधीच संपते. शिवाय भरतीचा मेळ बसावा लागतो, कारण ओहोटीत पक्षी उघड्या चिखलावर दूरवर पांगतात आणि पाणी चढू लागले की काठाकडे सरकतात. कोकणकिनाऱ्यावरची जाणती मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या हिशेबाने अष्टमीला ती सहाच्या सुमारास, नेमकी आपल्या कामाच्या वेळी येते. (ती भांगाची असल्याने पाणी फार चढत नाही, हेही खरे.)

आता सावलीचा प्रश्न. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला सरासरी काढण्याची खोड असते. चौकटीत काळोख अधिक दिसला की तो राखाडी करण्याच्या खटाटोपात तो एक्स्पोजर वाढवतो, आणि जिच्यासाठी एवढी यातायात केली ती कडच जळून पांढरी होते. जळालेल्या भागात माहितीच उरत नसल्याने मागाहून कोणतीही तजवीज चालत नाही. सबब एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप उतरवणे म्हणजे प्रकाश निम्मा करणे) उतरवावे आणि हिस्टोग्रामच्या उजव्या टोकावर नजर ठेवावी. पण भीतीपोटी त्याहून खाली जाणेही नुकसानीचे. कारण संवेदक प्रकाशाची नोंद सरळ प्रमाणात करतो, त्यामुळे १४ बिटांच्या रॉ फाइलमधील १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला जातात, त्याखालच्याला ४,०९६, आणि असे निम्मे-निम्मे होत सावलीच्या पदरी मूठभरच पडतात. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत सावली पाहून एक्स्पोजर द्यावे आणि उजेड डेव्हलपिंगमध्ये आवरावा असा निगेटिव्हचा कायदा होता; डिजिटलच्या अंमलात तो उलटा फिरला आहे.

खरी परीक्षा घरी, संगणकापुढे होते. शॅडोचा स्लायडर उजवीकडे ओढत नेला की काळ्या भागात रंगीबेरंगी कण वळवळू लागतात, पक्षी सपाट होतो आणि त्या कडेचे प्रयोजनच संपते. डोळ्याचा ठिपका, चोचीची रेघ आणि मिटल्या पंखांच्या घड्या दिसू लागल्या की मी हात आवरता घेतो. चिखलपाण्यावरून परावर्तित झालेला आभाळाचा निळसर उजेड पोटाखाली असतो. पुष्कळ जण तो दोष समजून पुसतात, मला तो राखावासा वाटतो.

कल्याण-डोंबिवलीकडे हा खेळ सकाळी रंगतो. हिवाळ्यात गांधारी पुलाच्या आसपास उल्हास नदीवर धुके असते, आणि डोंबिवलीच्या आसपासच्या माळांवर वाळल्या गवताच्या शेंड्यावर गप्पीदास बसतो, तेव्हा पक्ष्याबरोबर गवताची कुसळेही उजळतात. परंतु धुके आणि कारखान्यांकडचा धुरकटपणा प्रकाश पसरवून सावलीवर पांढुरका पडदा ओढतात. कॅमेरा आणि पक्षी यांमधले अंतर जितके अधिक तितका तो पडदा दाट, म्हणून येथे मोठ्या भिंगापेक्षा सबुरीने साधलेली जवळीक अधिक कामाची.

सावली राखण्याचे रात्रीचे उदाहरण द्यायचे तर नयन खानोलकर यांचे द्यावे लागेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वारली वस्तीतील गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याच्या त्यांच्या चित्राला २०१६ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. फ्लॅशची योजना त्यांनी गल्लीतल्या नित्याच्या उजेडाशी जुळवून केली होती. सगळे लख्ख करण्याची संधी हाती असून त्यांनी ती घेतली नाही, आणि बिबट्या वस्तीच्या अंधाराचाच एक भाग राहिला.

हे सारे पडद्यापुरते झाले. दिवाळी अंकाच्या कागदावर शाईचे ठिपके पसरतात आणि पडद्यावर स्पष्ट दिसणारी पंखांची घडी छापून आल्यावर बुजते. तेव्हा मुद्रणासाठी द्यायच्या प्रतीत सावली किंचित मोकळी ठेवावी, आणि छापखान्याकडून त्याच कागदावरचा नमुना मागवून, तो दिवसाच्या उजेडात पाहून, मगच पुढचा हुकूम द्यावा.